तातियाची माफी

डेल्फीच्या देवळात बोकड कापायचा असेल तर जेवायला मटण घरून बांधून न्यावं, असं शेजारच्या आमच्या क्रिसा गावात म्हणतात. थट्टा नाही, खरं तेच सांगतोय. बोकड तुम्ही आणायचा, देवाला तुम्ही द्यायचा, आणि वेदीभोवती सुऱ्या घेऊन टपलेले डेल्फीकर हाताला लागेल तो तुकडा कापून पसार! तुमच्या वाट्याला शिंगं. शेती नको, गुरं नकोत, देवाच्या नावावर पोटं सुटलीत एकेकाची. आणि या लोकांनी इसापला चोर म्हणावं? चोर तो चोर, वर शिरजोर.

पण इसापच्या गोष्टी सगळेच सांगतात. तातियाची कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. तातिया डेल्फीच्या खालच्या अंगाला एका खानावळीत मसुराची आमटी शिजवायची. गुलाम बाई, मूळची फ्रिजिया देशाची, तोंडाने फटकळ. नानिस नावाची एक लेक, बाकी जगात कुणी नाही.

इसाप आणि ती सामोस बेटावर एकाच दिवशी, एकाच मालकाला विकली गेली होती. नवीन गुलाम घरात आला की त्याला चुलीपाशी बसवून डोक्यावर सुकी अंजिरं आणि अक्रोड ओततात, घरचा झाला म्हणून. दोघांना शेजारी बसवून मालकिणीने एकच टोपली ओतली. घाबरून रडायला आलेल्या तातियाच्या कानाशी कुबडा इसाप हळूच म्हणाला, "खाऊन घे गं तातू. आज डोक्यावर अंजिरं, उद्या डोक्यावर अंजिरांची पाटी." ती रडता रडता हसली. त्या दिवसापासून तो तिचा भाऊ. रक्ताचे भाऊ तरी आणखी काय वेगळं करतात?

आता लोक सांगतात की तो जन्माचा मुका होता, देवीने प्रसन्न होऊन जीभ दिली. तातियाने हे ऐकलं की कपाळावर हात मारायची. "मुका? तो? अहो, बोबडा होता जरा. झोपेतसुद्धा बडबडायचा मेला!"

अंजिरांच्या चोरीची गोष्ट मात्र खरी. मालकाची अंजिरं दोघा गड्यांनी हादडली आणि आळ घातला बोबड्यावर. इसापने मार खाण्याआधी एवढंच मागितलं, कोमट पाणी. पाणी तातियानेच आणलं. तो घटाघटा प्यायला, घशात बोटं घातली, नुसतं पाणी पडलं. "आता यांनाही पाजा," म्हणाला. पाजलं, आणि अंगणात अंजिरंच अंजिरं! मालक पोट धरून हसला. तातिया हसली नाही. चोरी न केलेल्या माणसाला ओकून दाखवावं लागतं, ही काय हसायची गोष्ट आहे?

पुढे ती डेल्फीला विकली गेली. इसाप आपल्या अकलेच्या जोरावर गुलामीतून सुटला, राजेरजवाड्यांत उठू-बसू लागला आणि बऱ्याच वर्षांनी देवदर्शनाला डेल्फीत आला. उतरला तिच्याच खानावळीत. आणि आल्या आल्या वेदीजवळ उभा राहून या डेल्फीकरांना गोष्ट सांगितली! एक गोचीड म्हणे बैलाच्या मानेवर बसून सांगत होती, हा बैल माझ्या आशीर्वादाने उभा आहे. परगावचे यात्रेकरू हसून हसून लोळले. डेल्फीकर हसले नाहीत.

"जिभेला हाड नाही तुझ्या," तातिया त्याच्यावर खेकसली. "हे सामोस नव्हे. इथे प्रत्येकाच्या हातात सुरी असते."

"सुरी बोकडाला गं. मला कापून यांना काय मिळणार? कुबड?"

त्याच्या गाठोड्यात देवळातला सोन्याचा कटोरा सापडला. म्हणजे त्यांनीच घातला, त्यांनीच शोधला. पोटातलं ओकून दाखवता येतं हो, गाठोड्यातलं कसं ओकणार? देवाचा चोर म्हणून त्याला कड्यावरून लोटलं. चोराला माती द्यायची नाही असा नियम, म्हणून खालीच पडू दिलं. तातिया ओरडत मागे धावली होती. खानावळीच्या मालकाने केसाला धरून तिला आत ओढलं.

मग गावात ताप आला. लेकरं पटापट जाऊ लागली. देवाला विचारलं तेव्हा देवाने यांच्याच तोंडावर फेकलं की निरपराध माणसाला मारलंत, त्याच्या माणसाला भरपाई द्या आणि माफी मिळवा. झालं! प्रत्येक जत्रेत दवंडी. "इसापचं कुणी आहे का? भरपाई घ्यायला कोण येतंय?" तातिया पहिल्याच दवंडीला पुढे झाली होती. सगळे हसले. गुलामाला कुठले नातलग? तिला भरपाई नकोच होती. तो चोर नव्हता, एवढं गावाने चारचौघांत आपल्या तोंडाने म्हणावं, बस्स. तेवढंच सोडून बाकी सगळं द्यायला गाव तयार होतं.

अखेर सामोसहून एक जण उगवला. तेलेसन, त्या जुन्या मालकाचा नातू. इसापला त्याने डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला आला होता, दुसरं काय! त्याच आठवड्यात नानिस तापाने फणफणली.

भर दुपारी वेदीपुढे गाव जमलं. लेकीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून तातियाही आली. थोरल्या पुजाऱ्याने, क्लेओदामोसने, थैली तेलेसनच्या हातात दिली. तो म्हणाला, "माफ केलं." किती सोपं!

मग रीतीप्रमाणे पुजाऱ्याने विचारलं, "आणखी कुणी नातलग माफीला नाही म्हणतंय का?" कारण खुनाच्या माफीला सगळ्या नातलगांचा होकार लागतो, एक जरी नाही म्हणाला तरी माफी फुकट.

"मी म्हणते," तातिया म्हणाली.

"पुन्हा ही!" क्लेओदामोस वैतागला. "बये, गुलामाला नातलग नसतात."

"मग या शहाण्याला कोण म्हणून देताय? याचं गाढव मेलं म्हणून?"

तेलेसन लाल झाला. "माणूस आमच्या घरचा होता. नुकसान आमचं झालंय."

"ऐकलंत? नुकसान!" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमच्या दोघांच्या डोक्यावर एकाच टोपलीतून अंजिरं पडलीत. एका चुलीचे आहोत आम्ही. मी माफ करत नाही!"

खानावळीचा मालक काठी उगारत पुढे आला, तेवढ्यात गर्दीतून एक बाई किंचाळली, "हात लावू नका तिला! माझी दोन गेली, तिसरं तापलंय. देव कुणाला नातलग मानतो ते तुम्हाला काय ठाऊक?" बाकीच्या आयाही ओरडायला लागल्या. काठी खाली आली.

क्लेओदामोसला घाम फुटला. "काय हवंय तुला?"

"कटोरा कुणी ठेवला ते सांगा."

त्याने ओरडणाऱ्या आयांकडे पाहिलं. मग तो पुटपुटला, "आम्ही ठेवला."

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"आम्ही ठेवला! तो चोर नव्हता!"

एवढ्यासाठीच तर ती इतकी वर्षं जळत होती. पण ऐकून राग जाईल असं तिला वाटलं होतं, तो काही गेला नाही. उलट वाढला. एवढंसं वाक्य, आणि ते म्हणायला यांना इतकी मढी लागली!

"आता तरी म्हण, आई," पुजारी हात जोडून म्हणाला. मघापर्यंत बये होती, आता आई झाली. "माफ केलं म्हण. तुझीही पोर तापलीये ना?"

तातियाच्या डोळ्यांपुढे नानिसचे सुकलेले ओठ आले. तिने दात आवळले.

"माझ्या पोरीसाठी मी माफ केलं," ती म्हणाली. "माझ्यातर्फे. त्याच्यातर्फे नाही. त्याची माफी हवी असेल तर जा, तो कड्याखाली पडलाय. खाली उतरा आणि त्याला विचारा."

गर्दीतून वाट काढत ती लेकीकडे निघून गेली. पुजारी, तेलेसन, सुऱ्यावाले, सगळे तिथेच उभे राहिले. कड्याच्या दिशेने एकाचंही पाऊल पडलं नाही.