मोतीरामजींची मोटार

मोतीराम इंगळे तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि अमरावतीत आपल्या दारापुढे त्यांनी नवीकोरी कार आणून उभी केली. पण 'कार' हा शब्द काही त्यांच्या तोंडी बसेना. मुलगा सुगत म्हणे, "बाबा, गाडी म्हना ना. मोटार कोन म्हंते आता?"

"गाडी तं बैलाचीबी असते, रेल्वेचीबी. तुही फटफटीबी गाडीच! आमच्या लहानपनी साहेब गावात आला का लोक म्हनत, मोटार आली. सारं गाव पाहाले धावे. मोटार म्हंजे मोटार!"

त्याच तोऱ्यात त्यांनी नांदगाव खंडेश्वरला साळ्याला फोन लावला. रामराव शेतकरी माणूस. ऐन वैशाखात त्यांच्या विहिरीवरचा पंप जळाला होता आणि संत्र्याची झाडं माना टाकत होती. मोतीरामजींना याचा पत्ताच नव्हता.

"जय भीम, रामराव. मोटार घेतली!"

"जय भीम, जवाईबापू. किती हार्सपावरची?"

साळ्याची समज पाहून मोतीरामजी खूश झाले. "ब्याऐंशी!"

"ब्याऐंशी? बाप्पा! आमची पाचची होती, तेबी जळाली. पानी कसं फेकते?"

शोरूमवाल्यानं काच धुऊन दाखवली होती. "दोन धारा! असा जोर, का बाजूच्या मानसाच्या आंगावर उडते."

रामराव अजीजीनं म्हणाले, "आठ दिवस द्या ना मले. झाडं मरून राहिली."

झाडांचा आणि मोटारीचा संबंध मोतीरामजींना उमगला नाही. कलमं आणायची असतील, असं ते धरून चालले. "न्या ना! आपलीच हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात 'छोटा हत्ती' टेम्पो थांबला. त्यातून रामराव, दोन गडी, जाडजूड दोर आणि दुरुस्तीला टाकायचा जळका पंप उतरला. तासाभरात येतो म्हणून गाडीवाला बडनेऱ्याकडे निघून गेला.

"कुठी हाये मोटर?" रामरावांनी विचारलं.

"तुमच्या समोर तं हाये!"

रामरावांनी कारच्या मागं डोकावलं, मग खाली वाकून पाहिलं. "ह्या गाडीच्या मांगं?"

"हेच तं मोटार हाये!"

रामराव मटकन पायरीवर बसले. गडी दोर पाठीमागं लपवू लागले. चहा घेऊन आलेल्या इंदूबाईनं भावाचं तोंड पाहिलं आणि ती नवऱ्याकडं वळली. "काय बोल्ले तुमी याले?"

सगळं ऐकून तिला हसू फुटलं, पण भावाचे डोळे भरलेले दिसताच तिनं तोंडाला पदर लावला. "चाला, उचला तो पंप. मोटार काहून घेतली मंग? पूजा कराले?"

सीटवरचं प्लास्टिकसुद्धा मोतीरामजींनी अजून काढलं नव्हतं. त्यांच्या अगदी जिवावर आलं. पण बायकोनं मागचं दार उघडूनही धरलं होतं. तेलकट पंप मागच्या सीटवर विराजमान झाला आणि शेजारी इंदूबाई त्याच्यावर हात ठेवून बसली.

पंपाच्या वाइंडिंग-दुरुस्तीच्या दुकानातला माणूस बाहेर आला. "काय आनलं, काका?"

"मोटर," रामराव म्हणाले.

"कशात?"

"मोटारीत," मोतीरामजी ठासून म्हणाले.

संध्याकाळी नवी तार भरलेला पंप घेऊन मोटार नांदगावच्या रस्त्याला लागली. पुढं बसलेल्या रामरावांना एसीची गार झुळूक लागली, तसे ते घोरायलाच लागले. पंपाला दचका बसू नये म्हणून मोतीरामजी इतक्या हळू निघाले होते, की एक सायकलवाला त्यांना मागं टाकून गेला आणि वळून पाहत हसला. मोतीरामजींनी त्याला ऐटीत हॉर्न दिला.