भोंग्याच्या वायरीतला कंडेन्सर

माझ्या नणंदेने दोन दिवस खपून जीपवर जुळवलेला लाऊडस्पीकरचा सेट मी एका सकाळी पाच मिनिटांत बिघडवला. तोही भीत भीत नव्हे, चांगला पदर खोचून. मी मॅट्रिक झाले होते, अमरावतीच्या शाळेतून, आणि ती चौथी पास. एवढं कारण मला तेव्हा पुरेसं वाटलं.

लग्न होऊन मी अकोल्याला आले ते साठ-एकसष्टच्या सुमारास. सासऱ्यांचं लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. नवरा कचेरीत कारकून. त्याला साधा दिव्याचा फ्यूज बांधता येत नसे. घरातली सगळी करामत उतरली होती नणंदेच्या हातात. सासर सोडून ती माहेरी आली होती आणि स्वयंपाक आटोपला की दुकानाच्या मागच्या खोलीत वायरी जोडत बसायची. पुढे, गिऱ्हाइकांसमोर बसायची मात्र तिला मुभा नव्हती.

त्या हिवाळ्यात सासऱ्यांचा पाय मोडला आणि नेमकं खंजिरी भजनाच्या एका मंडळाचं काम आलं. जीपवर सेट बांधून गावोगाव थांबत पातूरपर्यंत जायचं होतं. सासऱ्यांनी पलंगावरूनच ठरवलं, की पोरगी जाईल आणि सोबतीला सून. सेट चांगला वाजला असं मंडळाने येऊन सांगितलं तर दुकान पोरीकडे. नाहीतर बाहेरून माणूस ठेवायचा, आणि मग तिने पुन्हा दुकानाचं नाव काढायचं नाही. ती उठून जीपभोवती चार चकरा मारून आली.

जीपच्या टपावर भोंगा होता आणि मागे लाकडी पेटीत मोठा स्पीकर. भोंगा शब्द लांबवर पोचवतो, पण त्याच्या पोटातला पडदा पापुद्र्यासारखा. खंजिरीची जाड थाप त्याला सोसत नाही. म्हणून तिने भोंग्याच्या वायरीत बोटाएवढा एक कंडेन्सर बसवला होता. तो बारीक आवाज वर जाऊ देई आणि जाड आवाज अडवून धरी. जाड आवाजाची सोय खाली पेटीत. हे ज्ञान मला नंतर झालं. त्या सकाळी ती आंघोळीला गेली तशी मी माइक चालू करून ‘हॅलो, हॅलो’ म्हणून पाहिलं, तर भोंग्यातून माझा आवाज चिमणीसारखा आला. एवढ्या थोरल्या भोंग्याने असं चिवचिवावं? चौथी पास बाईने मध्येच काहीतरी अडकवून ठेवलंय, असा निकाल देऊन मी कंडेन्सर काढला, वायर सरळ जोडली आणि तो रुमालात बांधून कमरेला खोचला. आवाज खरंच भरदार झाला. मी कोणाला सांगितलंही नाही. म्हटलं, वाहवा होऊ द्या, मग सांगू.

पहिल्याच गावी पाराजवळ माणसं जमली. भजन सुरू झालं, खंजिरी तापली, आणि दुसऱ्या कडव्याला भोंगा खरखरून गप्प झाला. पेटीतून नुसती गुंगुं ऐकू येई, शब्द एक नाही. मंडळातले म्हातारे प्रमुख माझ्या नणंदेकडे न बघता जीपच्या ड्रायव्हरला म्हणाले, की कामाचा माणूस आणायला पाहिजे होता.

ती टपावर चढली. वायरीवरून बोट फिरवत गेली आणि जिथे कंडेन्सर असायला हवा तिथे तिचं बोट थांबलं. मग तिने खाली माझ्याकडे पाहिलं. मी कमरेचा रुमाल सोडून कंडेन्सर तिच्या पुढे धरला. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तिने भोंग्याचं पोट उघडलं. पडदा शाबूत होता, पण त्याची केसासारखी तार तुटली होती. समोरच्या चहावाल्याच्या चुलीत तिने तांब्याची सळई तापवली आणि कथलाचा डाग दिला. भोंगा धरून बसले होते मी. तिचा हात देवापुढच्या समईसारखा स्थिर. सांधलेली तार नाजूक म्हणून तिने डब्यातून जाड आवाज जास्तच अडवणारा, आणखी लहान कंडेन्सर काढला. म्हणजे आता भोंगा आणि पेटी यांच्यात आवाजाचं वाटप नव्याने करणं आलं.

“वयनी, माइकसमोर बस अन् बोल.”

“काय बोलू?”

“रोजचंच.”

ती तीस पावलं लांब जाऊन डोळे मिटून उभी राहिली. मी नवऱ्याच्या घोरण्यापासून सुरुवात केली. पारावरची माणसं हसायला लागली, ती मात्र हसली नाही. परत येऊन तिने दुसरा कंडेन्सर लावून पाहिला, पेटीचा आवाज उतरवला, पेटीचं तोंड फिरवलं आणि पुन्हा लांब गेली. माझं सांगणं नवऱ्यावरून सासूबाईंच्या वरणावर येईपर्यंत तिसरी फेरी झाली. तेव्हा तिने हात वर केला.

मग मला उठवून तिने ड्रायव्हरला माइकपुढे बसवलं आणि मला आपल्या जागी उभं केलं. आवाज टपावरूनही येत नव्हता आणि पेटीतूनही नाही. एक माणूस समोर उभा राहून बोलतोय, असा. तिने आवाजाचे दोन तुकडे करून पुन्हा जोडले होते आणि शिवण कुठे दिसत नव्हती. माझ्या मॅट्रिकच्या पुस्तकात यातलं एक अक्षर नव्हतं.

पातूरपर्यंत सेट गोड वाजला. परतल्यावर प्रमुख स्वतः सासऱ्यांकडे आले, पोरीच्या कानाची तारीफ केली, पण सुरुवातीला भोंगा बंद पडला होता हेही सांगून गेले. सासऱ्यांनी तिला कारण विचारलं. तार तुटली होती, एवढंच ती म्हणाली. दुकान तिच्या हातून निसटायची वेळ आली तरी ती माझं नाव घेईना. शेवटी मीच दारात उभी राहून सगळं सांगितलं, चिमणीसकट.

सासऱ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उशीखालची दुकानाची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

“दुकान आजपासून हे पोरगी पाहीन. अन् सूनबाई, तू दर खेपेले जीपमंदी बसत जाय. सेट जुळवाले इतकी बडबड दुसऱ्या कोनाची पुरत नाई.”