वाराझदातच्या सिनेमाचा नवसाचा मेंढा

वरच्या आळीतल्या शोघाकातबाईचा मुलगा वाराझदात पुढं सिनेमे काढायला लागला, पण सुरुवात त्यानं पडदे बांधण्यापासून केली. फिरता सिनेमा यायचा ना गावोगाव, त्या गाडीवर होता. गोठ्याच्या भिंतीला चादर ठोकायची, की झालं थेटर. तिथनं राजधानीत, येरेवानला गेला, शिकला, लोकांचे कॅमेरे उचलले. मग कधीतरी साहेबलोकांनी एक सिनेमा हातात दिला. बजावलं मात्र, बर्फ पडायच्या आत पुरा करून दे, नाहीतर परत गाडीवर जा.

सिनेमा होता मेंढ्याचा. मेंढा हरवतो, डोंगर-दऱ्या फिरतो आणि शेवटी घरी येतो, एवढीच गोष्ट. मेंढा आईच्याच गोठ्यातला घेतला, वाकड्या शिंगाचा. गुणी जनावर. जिथं उभं करा तिथं उभं, उगाच तोंड वेंगाडणं नाही. सगळं झालं, फक्त घरी येण्याचा भाग राहिला.

त्या शूटिंगच्या आदल्या दिवशी वाराझदात जेवला नाही, झोपला नाही. आईच्या जिवाला घोर लागला. आईचं काळीज ते, गप्प कसं बसेल? सकाळी उठून ती देवळात गेली. त्या काळी सरकारला देव चालायचा नाही, नाव हळूच घ्यायचं, म्हणून मागच्या दारानं गेली. पाद्रीबाबाकडून मंतरलेलं मीठ आणलं आणि नवस बोलून मेंढ्याला चाटवलं. नवसाला नर लागतो, आणि गोठ्यात नर तेवढाच.

आता मीठ एकदा जिभेवर पडलं की जनावर देवाचं. त्याच दिवशी कापायचं, नुसत्या मिठात शिजवायचं, गावाला वाटायचं, उद्यासाठी तुकडा ठेवायचा नाही. हे वाराझदातलाही ठाऊक होतं. तो मेंढा न्यायला आला तेव्हा चुलीवर हंडा चढलेला.

"आई, कुणासाठी बोललीस नवस?"

"तुझ्या सिनेमासाठी, वाराझ जान. नीट पार पडू दे म्हटलं."

तो ओट्यावर बसला. म्हणाला, "एक दिवस थांबली असतीस."

"देवाला थांब म्हणायचं? तू सांग जाऊन. मी नाही सांगत."

दुसरा मेंढा बघावा, तर आमची माणसं मेंढपाळ. माणसांची तोंडं विसरतील, मेंढ्याची नाही. सिनेमा बघताना म्हणाले असते, हा तर खालच्या आळीतला, इथं काय करतोय?

दुपारी गाव अंगणात बसलं. लवाशच्या पातळ रोट्यांत मांस गुंडाळून सगळे जेवायला लागले. कॅमेरावाला झिरायर पण बसला. म्हणाला, "नट म्हणून चांगला होता. खायला चिवट आहे."

वाराझदातनं त्याला हाताला धरून उठवलं. फाटक उघडं टाकलं आणि म्हणाला, कॅमेऱ्यात घे हेच.

झाला सिनेमा. शेवटी मेंढा येतच नाही. उघडं फाटक, जेवणारं गाव, आणि एक म्हातारी सारखी फाटकाकडं बघतेय. येरेवानमधे लोकांनी डोळे पुसले. मोठ्या साहेबांनी विचारलं, या बाईंनी नाटकात किती वर्षं काम केलंय? दुसरा सिनेमा तिथल्या तिथं मिळाला.

आईला दाखवला तेव्हा ती सगळं बघून म्हणाली, "मी मेंढ्याची वाट कशाला बघू? तो हंड्यात होता. मी शेजारच्या ओहानची वाट बघत होते. त्याचा वाटा राहिला होता." नवस फळला, हे मात्र सगळ्या आळीला सांगून आली.

पुढं त्यानं पुष्कळ सिनेमे काढले. दर वेळी आईचा फोन, काय बोलू नवसाला? तो म्हणायचा, बोल काहीही, फक्त पडद्यावरचं कुणी नको.

शेवटच्या सिनेमाच्या वेळी आई नव्हती. फोन आला नाही, तसा त्यानंच गावी येऊन मेंढा घेतला, पाद्रीबाबाकडं गेला, मीठ चाटवलं, सगळ्या आळीला जेवू घातलं. शूटिंग मात्र आधी उरकून आला होता.