नाल्याजवळचा रुमाल

आमच्या तळ्याभोवती फिरताना नाल्याचं तोंड आलं की प्रत्येकाचा रुमाल नाकाला जातो. गप्पा थांबतात, पावलं भराभर पडतात. देवळापुढून जाताना हात जोडले जावेत, तसं हे वर्षानुवर्षं अंगात भिनलंय.

आज शेजारच्या सुमनताईंची पाहुणी आलेली बहीण सोबत होती. आम्ही सगळ्यांनी नाकं धरली, तशी ती थबकली. "अगं, हा काय, चालता चालता प्राणायाम?"

"वास नाही का येत?" सुमनताई रुमालाआडूनच म्हणाल्या.

"कसला वास?"

मला रागच आला. तिला पटवायला मी रुमाल काढून चांगला छातीभर श्वास घेतला आणि जागीच उभा राहिलो. ओल्या मातीचा आणि हिरव्या पाल्याचा वास होता तो, बाकी काही नाही!

नाल्याचं पाणी आता खडी भरलेल्या हौदांतून तळ्यात येतं. त्या खडीत कर्दळ आणि वाळा लावलाय. "झाडं कुठे गटार धुतात का?" म्हणून हौद बांधताना सगळे हसले होते. झाडांनी ते मनावर घेतलं नाही. खाली मुळांनी घाण गाळत राहिली, वर लालभडक फुलत राहिली. तळं केव्हाच बरं झालं होतं. दुखणं आमच्या नाकांत उरलं होतं.

एकेक रुमाल खाली आला. सुमनताईंनी आपल्या रुमालानं नाल्याचा कठडा झटकला आणि त्यावर ऐसपैस बसत म्हणाल्या, "फेरी पुरे. आज गप्पा इथेच!"