कापडाच्या भिंतीतलं दार

करवत्या धंद्यानं सुतार. पण हे नाव त्याला जिभेमुळं पडलेलं. कुणाबद्दल बरं बोलायचं म्हटलं की याच्या पोटात दुखायचं. दोन टोळ्यांच्या मारामारीत गाव जळालं, उरल्यासुरल्यांना शहराबाहेरच्या बंद गोदामात आणून टाकलं, तेव्हाही हा म्हणाला, "देश आपलाच, बोली आपलीच, फक्त आपण तेवढे परके!"

गोदामात दोऱ्या ताणून चादरी टाकलेल्या. चार चादरी म्हणजे एक घर. शेजाऱ्यानं कूस बदलली तरी आपल्या भिंतीला पोट यायचं.

करवत्याच्या थोरल्या भावाला घरातून ओढून नेलं होतं. तो परत आला नाही. वहिनी वाचली, पण तिची झोप गेली. चादर नुसती हलली तरी ताडकन उठून बसायची. गोदामात येणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी गुंगी यायची, झोप नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "असंच राहिलं तर इस्पितळात ठेवावं लागेल."

वहिनीनं दिराला गाठलं. "भाऊजी, आता मला आणखी कुठं हलवू नका."

करवत्यानं मोडकी खोकी फोडली, फळ्या रंधल्या, चौकट ठोकली आणि वहिनीच्या दोन चादरींच्या मधोमध एक दार उभं केलं. गोदाम खो खो हसलं.

"भिंतीचा पत्ता नाही आणि दार कसलं?" म्हातारा कुंभार म्हणाला. "चोर चादरीखालून येईल की!"

"चोर येऊ दे खालून. तू मात्र दार वाजवूनच यायचं."

आतून लोखंडी कडी लावली होती. ती खाडकन वाजली आणि वहिनी कोपऱ्यात मुटकुळं करून बसली. नवऱ्याला ओढून नेलं त्या रात्री त्यांच्या दाराची कडी अशीच तुटली होती.

"होती तेवढी शुद्धही घालवलीत तिची," बायको करवादली. "पाजळली ना अक्कल?"

करवत्यानं कडी हळूच काढून घेतली. पण गडी हटणारा नव्हता. वहिनी सावरल्यावर तो दाराबाहेर उकिडवा बसला. "वहिनी, कडी नको. मग काय लावू?"

आतून आवाज आला, "गोठ्याला होता तसा अडसर."

त्यानं लाकडाचा अडसर घासून गुळगुळीत केला, आवाज होऊ नये म्हणून खोबणीत चिंध्या कोंबल्या. वहिनीनं तो स्वतःच्या हातानं घातला, काढला, पुन्हा घातला. डॉक्टरीणबाईंनी दार बघितलं, वाजवलं, परवानगी घेऊन आत गेल्या. "गोळ्या चालू ठेवायच्या," म्हणाल्या, "आणि दारही."

हसणारेही मग दार वाजवायला लागले. चादर उचलून कुणी डोकावलं, की करवत्या त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा.

एके दिवशी दुपारी जेवणं वाढली तरी वहिनी बाहेर आली नाही. बायकोचा धीर सुटला. ती चादर उचलायला गेली, तर करवत्यानं हात धरला.

"दार कशाला केलंय?"

"अहो, जिवंत आहे का ते तरी बघू द्या!"

"वाजवून बघ."

तिनं वाजवलं. आत काही नाही. तरी करवत्यानं चादरीला हात लावला नाही, लावूही दिला नाही. तिनं पुन्हा वाजवलं, जोरानं.

"कोण मेलं गं दारात?" आतून झोपेनं जडावलेला, चिडका आवाज आला. "जरा डोळा लागला की आलेच उठवायला!"

"कुणी नाही हो, जाऊबाई," ती घाईघाईनं मागं सरत म्हणाली. "झोपा तुम्ही."