मांजर खाली ठेवा

माझी सगळी शाळा पुण्यात, मराठी माध्यमात झाली. इंग्रजी क्रियापदं पाठ होती. पण त्यांच्या मागे अप, डाऊन, आऊट लागलं की अर्थ कुठल्या कुठे जातो, हे मस्कतला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. शेजारीण ‘रॅन आऊट ऑफ मिल्क’ म्हणाली, तेव्हा मला ती दुधातून पळत सुटलेली दिसली होती.

मस्कतच्या अल खौद भागात आम्ही राहायचो. तिथे आमच्या जिन्यातली एक मांजर लेकीने घरात आणली. एका सकाळी ती लंगडायला लागली, म्हणून आम्ही दोघी तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. लेक पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेली आणि इकडे मदतनिसाने मांजरीला मानेला धरून उचललं. ती किंचाळायला लागली. मला बघवेना.

“प्लीज, पुट हर डाऊन!” मी म्हणाले.

गोरी डॉक्टरीण एकदम थबकली. “आर यू शुअर? पाय नुसता मुरगळलाय,” ती इंग्रजीत म्हणाली.

“येस, येस. पुट हर डाऊन!”

“हा निर्णय कठीण असतो. थोडा वेळ हवाय का तुम्हाला?”

मांजर टेबलावर ठेवायला निर्णय कसला घ्यायचा? असेल बाई गोऱ्यांची रीत, म्हणून मी समजावलं, “घरी मी रोज पुट डाऊन करते. माझे मिस्टरपण करतात. शी लाइक्स इट.”

डॉक्टरणीने चष्मा काढला. मदतनिसाने मांजर छातीशी घट्ट धरली आणि तो माझ्यापासून दोन पावलं मागे सरकला.

तेवढ्यात लेक आत आली. डॉक्टरीण तिच्यापुढे वाकून हळूच काहीतरी म्हणाली. लेकीच्या हातातली बाटली खाली पडली.

“आई! तू तिला मारून टाकायला सांगतेस?”

“अगं, खाली ठेवा म्हणतेय मी! खाली!”

लेकीने रडत रडत दुभाष्याचं काम केलं. जनावराला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणं म्हणजेही ‘पुट डाऊन’, हे मला तिथे कळलं. डॉक्टरीण इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मला मात्र जमीन दुभंगली तर बरं असं झालं होतं.

मांजरीच्या पायाला पट्टी बांधून आम्ही घरी आलो. पुढच्या आठवड्यात पट्टी सोडायला जायचं होतं. लेक म्हणाली, “बाबा येतील आत. आई, तू गाडीत एसी लावून बस.”

मी बसले.