कोरडं प्रॅक्टिकल

मच्छिंद्र ज्या कॉलेजात शिकला, त्याला तेव्हा तीन भिंती होत्या. चौथ्या बाजूला खताच्या पोत्यांची थप्पी. कळंब तालुक्यातल्या एका बाजारगावात खरेदी-विक्री संघाच्या चेअरमननी १९७१च्या जूनमध्ये संघाच्याच गोदामात हे कॉलेज काढलं. विज्ञानाच्या पहिल्या तुकडीत नऊ मुलं होती. मच्छिंद्र त्यातला एक. भूमकडच्या खेड्यातला, बौद्ध कुटुंबातला, घरातला पहिला मॅट्रिक. वडील नव्हते. आई मथुराबाई मजुरी करायची.

पहिलं वर्ष फळ्यावरच गेलं, प्रयोगशाळेचं सामान आलं नव्हतं. पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. दिवाळीपर्यंत गावातल्या विहिरी आटल्या, टँकर सुरू झाला. टँकरच्या यादीत माणसं होती, जनावरं होती, दवाखाना होता. प्रयोगशाळा नव्हती. रसायनशास्त्राचे लोमटे सर तरुण होते आणि अभ्यासक्रम पुरा करायची त्यांना घाई होती. त्यांनी एक पद्धत बसवली. मुलांनी टेबलापाशी उभं राहायचं. रिकामी पिपेट तोंडाला लावून ओढल्यासारखं करायचं, रिकाम्या काचपात्रात सोडल्यासारखं करायचं. मग ब्युरेटची, म्हणजे खुणा केलेल्या उभ्या नळीची, तोटी डाव्या हातानं फिरवायची आणि उजव्या हातानं पात्र हलवत राहायचं. खऱ्या प्रयोगात नळीतला द्रव थेंब थेंब पडतो आणि पात्रातलं गुलाबी झालं की थांबायचं असतं. इथं थोडा वेळ गेला की लोमटे सर म्हणत, "झालं. नऊ पूर्णांक आठ." मुलं वहीत नऊ पूर्णांक आठ लिहीत.

मुलं याला कोरडं प्रॅक्टिकल म्हणत. त्यांच्यातला लिंबाजी थट्टेखोर होता. पात्र हलवता हलवता तो ओरडायचा, "सर, माझं उतू चाललंय!"

मच्छिंद्र हसायचा नाही. त्याचा हात सगळ्यांत चांगला होता आणि ते त्याला माहीत होतं.

कॉलेजला परवानगी दोन वर्षांचीच होती. तिसऱ्या वर्षाचा वर्ग द्यायचा की नाही, हे ठरवायला १९७३च्या फेब्रुवारीत विद्यापीठाची समिती येणार होती. वर्ग मिळाला नाही तर नऊही मुलांना औरंगाबादला नाव घालावं लागणार होतं. मच्छिंद्र आदल्या रविवारी घरी गेला. मथुराबाई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. तिनं हातोडी खाली ठेवली नाही.

"माय, वर्ग बंद पडला तर औरंगाबादला जावं लागंल."

"तिथं कोण हाय आपलं?"

"कुनीच न्हाय."

"मग पडू देऊ नगंस बंद," ती म्हणाली. "न्हायतर ती बघ, दुसरी हातोडी पडलीय तिथं."

समितीच्या दिवशी संघानं एक टँकर खास प्रयोगशाळेच्या दाराशी उभा केला. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून बारा ब्युरेट आणि एक तराजू उसना आला. तराजूवरचं त्या कॉलेजचं नाव शिपाई बलभीमनं तेलरंगानं झाकलं होतं. ब्युरेटही त्यानंच सकाळी भरून ठेवल्या. बाटल्यांत आम्ल होतं, बाजूला गुलाबी रंग दाखवणाऱ्या रंगद्रव्याची कुपी होती. समितीतल्या वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, "तुमचा चांगला विद्यार्थी कोण?" लोमटे सरांनी मच्छिंद्रकडे बोट केलं.

मच्छिंद्रनं पिपेट उचलली. ती बाटलीत बुडवायची असते, हे त्याला पुस्तकातून पाठ होतं. पण हात गेले चार महिन्यांच्या सवयीनं. त्यानं रिकामी पिपेट तोंडाला लावली, ओढल्यासारखं केलं, पात्रात सोडल्यासारखं केलं. रंगद्रव्याच्या कुपीला हात लावला नाही. मग तोटी फिरवली. सफाईदार, एका लयीत. रिकाम्या पात्रात नळीतला द्रव साचत गेला. बरोबर नऊ पूर्णांक आठला त्यानं तोटी बंद केली आणि आकडा सांगितला.

प्राध्यापकांनी पात्र उजेडात धरलं. "रंग कुठाय?"

"येतो, सर."

"कधी?"

"लोमटे सर सांगतात तेव्हा."

समितीतले एक गृहस्थ हसले. दुसरं कोणी हसलं नाही. लोमटे सर पोत्यांकडे बघत होते.

प्राध्यापकांनी त्याला बाहेर नेलं, टँकरच्या सावलीत उभं केलं आणि हातात कागद दिला. "या कॉलेजाबद्दल तुझं मत लिही. खरं लिही. मी वाचून दाखवणार नाही."

मच्छिंद्रनं कागद टँकरला टेकवला. चांगलं लिहावं तर आत्ताच सगळं दिसलेलं. वाईट लिहावं तर दुसरी हातोडी. शेवटी त्यानं लिहिलं: 'येथे शिक्षक रोज येतात आणि रोज शिकवतात. पाणी नसल्याने कोरडे शिकवतात. दोन वर्षांत मी रंग बदलताना पाहिला नाही. तरी तिसरे वर्ष द्यावे. न दिल्यास आम्ही नऊ जण घरी जाऊ.' खाली सही केली. सही कोणी मागितली नव्हती.

जूनमध्ये वर्ग मिळाला. प्रयोगशाळेला पाण्याची टाकी बांधण्याच्या अटीवर. टाकी बांधली गेली, पण मच्छिंद्रची तुकडी कोरडीच बाहेर पडल्यावर. १९७४ला मच्छिंद्र दुसऱ्या वर्गात बी.एस्सी. झाला आणि शिष्यवृत्तीवर एम.एस्सी.ला औरंगाबादला गेला. तिथं नळाला पाणी होतं. पहिल्याच प्रयोगात त्याचं पात्र गडद गुलाबी झालं, दुसऱ्यातही. फिका गुलाबी रंग एका थेंबात येतो आणि त्याच क्षणी थांबायचं असतं. मच्छिंद्र थांबायचा नाही. कोणीतरी 'झालं' म्हणेल याची वाट बघत राहायचा. शेजारचा विद्यार्थी म्हणाला, "शाळेतून थेट आलास का रे?" सहामाहीच्या प्रात्यक्षिकात तो नापास झाला. दिवाळीला गेला तो परतला नाही.

काम मागायला तो आपल्याच कॉलेजात गेला. प्राचार्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून पुढं ठेवला. विद्यापीठानं समितीच्या अहवालासोबत मूळ कागदच जोडून पाठवला होता.

"हे तुझंच अक्षर ना?"

"होय, सर."

"लोमटे गेले. परवा राजीनामा दिला. आता तूच ये आणि ओलं शिकव."

मच्छिंद्रला वाटलं प्राचार्य रागावलेत. ते रागावले नव्हते. त्यांना माणूस हवा होता आणि त्या पगारात दुसरा कोणी येत नव्हता. मच्छिंद्र प्रयोगशाळा सहायक म्हणून लागला.

याला आता अकरा वर्षं झाली. कॉलेजला चौथी भिंत आहे. टाकी आहे; तिला तडा गेलाय. दर जूनमध्ये मच्छिंद्र तिच्या दुरुस्तीचा अर्ज देतो आणि दर जूनमध्ये पुढच्या वर्षी बघू असं उत्तर येतं. पाऊस झाला तर जानेवारीपर्यंत मुलं खरा रंग बघतात. मच्छिंद्र प्रत्येकाच्या मागं उभा राहून सांगतो, "माझ्याकडं बघू नका, पात्राकडं बघा."

यंदा पाऊस झालेला नाही. ऑक्टोबरातच नळ कोरडे पडले आणि परीक्षा मार्चमध्ये आहे. सोमवारी दुपारी बावीस मुलं टेबलांपाशी उभी राहिली, रिकाम्या पिपेट तोंडाला लावल्या, तोट्या फिरवल्या. मच्छिंद्र खिडकीपाशी होता. पात्रं हलत राहिली, कोणी थांबेना. पुढच्या टेबलावरची मुलगी शेवटी म्हणाली, "सर, हात दुखायला लागले. सांगा ना."

मच्छिंद्रनं आणखी थोडा वेळ जाऊ दिला.

"झालं," तो म्हणाला. "नऊ पूर्णांक आठ."